जुन्या एमएम ५४० ला पॉवर स्टिअरिंगचा कोणता पंप घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा: १९९४ ची महिंद्रा एमएम ५४०, मूळ प्यूजो डिझेल इंजिन, टायर ३१ इंची. पॉवर स्टिअरिंग आधीच्या मालकाने बसवून घेतलेलं. बॉक्स (म्हणजे स्टिअरिंगचा गिअर बॉक्स) कुठल्या गाडीचा, पंप कुठल्या गाडीचा, काही पत्ता नाही. रेस वाढवली की पंप रडतो. सकाळी स्टिअरिंग हलकं असतं, तासभर दगडधोंड्यांत गाडी चालवली की जड होतं आणि जागेवर फिरवताना मधेच हिसके देतं. गेल्या वर्षी पंप बदलला, सहा महिन्यांत पुन्हा तेच. आता मेकॅनिक म्हणतो, या वेळी मोठा पंप टाकू. समोर तीन पर्याय: नवा ब्रँडेड पंप, जुन्या बाजारातला रिकंडिशन पंप, नाहीतर ट्रकचा पंप.

आज यातला एकही घेऊ नका. तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य पंपाबद्दलचं नाही, 'सहा महिन्यांत पुन्हा तेच' हे आहे. स्वच्छ तेल, नीट ताणलेला बेल्ट आणि हवा न घेणारा सक्शन पाइप एवढं मिळालं की व्हेन पंप वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. एकाच गाडीत दुसरा पंपही त्याच आवाजात रडायला लागला, तर त्याला मारणारं काहीतरी गाडीतच बसलेलं आहे. ते न शोधता तिसरा पंप लावणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पंपाच्या आत काय असतं ते दोन ओळींत सांगतो, म्हणजे पुढचं सगळं समजेल. शाफ्टवर खाचा असलेला रोटर, खाचांत सरकणाऱ्या पातळ पट्ट्या म्हणजे व्हेन, आणि बाहेरून लंबगोल कॅम रिंग. रोटर फिरला की पट्ट्या बाहेर फेकल्या जाऊन रिंगला घासत जातात, एका बाजूने तेल ओढतात, दुसऱ्या बाजूने ढकलतात. पुढे एक स्पूल व्हॉल्व्ह असतो. इंजिन कितीही पळालं तरी बॉक्सकडे ठरावीकच तेल जावं, बाकीचं पंपाच्याच तोंडात परत यावं, हे काम तो करतो. बहुतेक पंपांत त्याच्याच पोटात रिलीफ व्हॉल्व्ह असतो, तो जास्तीत जास्त दाब ठरवतो. हे दोन आकडे, मिनिटाला किती लिटर तेल आणि किती बार (दाबाचं माप), लक्षात ठेवा. स्टिअरिंग किती झपाट्याने साथ देतं ते लिटरवर ठरतं, किती जोर लावतं ते बारवर. गॅरेजमध्ये 'मोठा पंप' म्हणताना ही दोन्ही कामं एकाच शब्दात गुंडाळली जातात आणि घोटाळा तिथेच होतो.

आता आवाज. रेसबरोबर चढत जाणारा रडका आवाज दहापैकी बहुतेक वेळा हवेचा असतो. टाकीपासून पंपाकडे येणाऱ्या जाड पाइपचा क्लॅम्प थोडा ढिला असेल किंवा रबर कडक होऊन बारीक चिरलं असेल, तर तिथून तेल गळताना दिसणार नाही, कारण इंजिन चालू असताना तिथे ओढ असते. तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. इंजिन गरम असताना टाकीचं झाकण उघडून बघा. तेलावर फेस असेल किंवा तेल दुधट दिसत असेल, तर हवा नक्की. मग इंजिन चालू ठेवून सक्शन पाइपच्या दोन्ही सांध्यांवर तेलाच्या कॅनने थोडं तेल सोडा. आवाज क्षणभर बदलला की जागा सापडली. हात आणि बाही मात्र बेल्ट-फॅनपासून लांब. पंपाच्या शाफ्टचं सील झिजलेलं असलं तरी तिथूनही हवा येऊ शकते, हेही बघून ठेवा.

दुसरा संशयित म्हणजे टाकीतली जाळी. बऱ्याच टाक्यांच्या तळाशी बारीक जाळीचा फिल्टर असतो आणि तो सुटा निघत नाही. आधीचा पंप घासून मेला असेल तर त्याची चांदीसारखी पूड त्या जाळीत जाऊन बसते. जाळी तुंबली की पंपाला तेल ओढायला त्रास होतो, पोकळी तयार होते, आवाज येतो आणि कॅम रिंगवर लाटांसारखे ओरखडे पडतात. गेल्या वर्षी पंप बदलताना टाकी बदलली होती का, हे मेकॅनिकला विचारा. बहुधा उत्तर 'धुऊन घेतली' असं येईल. न निघणारी जाळी पेट्रोलने धुऊन साफ होत नाही. टाकी बदला, पंपाच्या मानाने ती स्वस्त असते. टाकीतली तेलाची पातळी पंपाच्या तोंडापेक्षा वर आहे ना, हेही बघा. बाहेरून बसवलेल्या पॉवर स्टिअरिंगमध्ये टाकी जिथे जागा मिळाली तिथे ठोकलेली असते, आणि सक्शन पाइप बॅटरीला वळसा घालून पातळ होऊन पंपाला पोहोचतो. तो पाइप आखूड, सरळ आणि पंपाच्या तोंडाएवढ्या आतल्या मापाचा हवा.

जडपणाबद्दल एक चाचणी पंपाला हात लावण्याआधी करा, हिला पैसे लागत नाहीत. पुढची चाकं जॅकवर उचला, गाडी स्टँडवर टेकवा, ड्रॅग लिंक (बॉक्सकडून चाकांकडे जाणारा दांडा) पिटमन आर्मपासून, म्हणजे बॉक्सच्या शाफ्टवरच्या हातापासून, सोडवा. आता चाक हाताने डावी-उजवीकडे वळवा. या जुन्या जीपच्या किंग पिनच्या (ज्यावर पुढचं चाक वळतं त्या पिनच्या) बेअरिंगला शिम, म्हणजे पातळ चकत्या, लावून ताण दिलेला असतो. कुणीतरी जास्त ताण दिला असेल किंवा पाणी जाऊन बेअरिंग गंजलं असेल, तर चाक हाताने वळवतानाच कळतं. नंतर स्टिअरिंग व्हील एकटं फिरवून बघा. कॉलमखालचा क्रॉस जॉइंट गंजला असेल तर एका फेरीत दोनदा अडकल्यासारखं वाटतं, आणि हे हिसके लोक सर्रास पंपाच्या नावावर खपवतात. चिखलात-ओढ्यात जाणाऱ्या गाडीचे हे सांधे आधी जातात.

एवढं झाल्यावर गेज लावायचं. दोनशे बारपर्यंतचं प्रेशर गेज आणि त्याच्या पुढे बंद करता येणारा व्हॉल्व्ह, हे पंप आणि बॉक्स यांच्या मधल्या प्रेशर पाइपमध्ये जोडायचं. जेसीबीचे होज बनवणाऱ्या दुकानात हे जोडून मिळतं, किंवा ते स्वतःच येऊन लावून देतात. तुमची तक्रार गरम झाल्यावरची आहे, तेव्हा चाचणीही तेल गरम असतानाच घ्या. थंड तेलावर सगळेच पंप तरुण असतात. इंजिन आयडलला, व्हॉल्व्ह उघडा, चाकं सरळ: साधारण १० बारच्या आत दाब दिसायला हवा. त्याहून खूप जास्त असेल तर परतीच्या पाइपमध्ये किंवा बॉक्समध्ये अडथळा आहे. मग व्हॉल्व्ह बंद करा आणि आकडा वाचा. पाच सेकंदांपेक्षा जास्त बंद ठेवायचा नाही, पंप जळेल. पुन्हा हेच इंजिन १५०० आरपीएमवर ठेवून करा. शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून स्टिअरिंग एका टोकाला नेऊन क्षणभर धरा आणि आकडा वाचा, मग दुसऱ्या टोकाला.

आता आकडे काय सांगतात ते बघा. व्हॉल्व्ह बंद असताना आयडलला दाब कमी पण १५०० वर बरा, तर पंप आतून झिजलाय किंवा बेल्ट घसरतोय. दोन्हीकडे कमी, तर रिलीफ व्हॉल्व्ह अडकलाय किंवा पंपाचं आयुष्य संपलंय. व्हॉल्व्ह बंद असताना पंप पूर्ण दाब देतो, पण स्टिअरिंग टोकाला नेल्यावर तेवढा येत नाही, तर तेल बॉक्सच्या आत सीलमधून पळतंय. तेव्हा सोन्याचा पंप लावला तरी स्टिअरिंग हलकं होणार नाही. फक्त एकाच बाजूला दाब कमी येत असेल तर संशय शंभर टक्के बॉक्सवर. गरम तेल पातळ होतं, त्यामुळे 'सकाळी हलकं, दुपारी जड' हे लक्षण झिजलेल्या पंपाचंही असतं आणि झिजलेल्या बॉक्सचंही. या दोघांतला फरक गेजशिवाय कुणीही सांगू शकत नाही. ऐकून सांगणारा अंदाजच करत असतो.

समजा पंपच दोषी निघाला. मग निवड सुरू होते, आणि ती बॉक्सपासून. बॉनेट उघडून बॉक्सवरची पाटी, ओतीव अक्षरं, कोरलेला नंबर घासून वाचा, फोटो काढा. बॉक्सचा नंबर मिळाला की तो बॉक्स मूळ ज्या गाडीत होता त्या गाडीचा पंप हा तुमचा पहिला उमेदवार, मग तो तुमच्या इंजिनला सरळ बसो वा न बसो. उलट्या बाजूने, म्हणजे 'इंजिनला कोणता पंप सहज बसतो' इथून सुरुवात केली, की सहज बसणारा पण चुकीचा पंप पदरी पडतो. बहुधा गेल्या वर्षी तेच झालंय.

नंबर मिळालाच नाही तर हिशोब करावा लागतो. समजा बॉक्समधल्या पिस्टनचा व्यास ७ सेंटिमीटर आणि त्याची धाव ८ सेंटिमीटर. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला साधारण ३०८ सीसी तेल लागतं. स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत चार फेऱ्या घेतं असं धरू. सेकंदाला एक फेरी या आरामाच्या वेगाने फिरवलं तर मिनिटाला ४.६ लिटर तेल हवं. दीड फेरीच्या वेगाने, जसं आपण खडकातून चाक वाचवताना फिरवतो, तर ६.९ लिटर. वर बॉक्समधली थोडी गळती धरा. आता पंपाकडे या. एका फेरीला ९ सीसी देणारा पंप, इंजिन आयडलला ७५०, क्रँकची आणि पंपाची पुली सारख्याच मापाची: हिशोबाने ६.७५ लिटर, आतली गळती वजा जाता ५.७ च्या आसपास. आरामात फिरवलं तर पुरतं, झटक्यात फिरवलं की पंप मागे पडतो आणि हाताला हिसका बसतो. म्हणजे तुमचे हिसके चांगल्या पंपातही येऊ शकतात.

इथे मोठा पंप घेण्याआधी पुलीचा विचार करा. क्रँकची पुली १४० मिलिमीटर आणि पंपाची ११५ केली, तर आयडललाच पंप ९१० च्या आसपास फिरतो आणि तोच ९ सीसीचा पंप ७ लिटर देतो. वरच्या आरपीएमवर जास्तीचं तेल स्पूल व्हॉल्व्ह परत वळवतो, त्यामुळे हमरस्त्यावर स्टिअरिंग बावचळत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्यात भोसरीला कुठलाही बरा लेथवाला अशी पुली काढून देईल. किंवा नुसतं आयडल ५० ने वाढवून बघा. जुन्या डिझेलचं आयडल बरेचदा खाली पडलेलंच असतं.

दाबाच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्या. त्याच ७ सेंटिमीटरच्या पिस्टनवर ८० बार दाब म्हणजे तीन टनांहून जास्त जोर. ११० बारचा पंप लावला तर तोच जोर ४.३ टनांच्या घरात. हा जोर चाकावर जातो तेवढाच उलटा बॉक्सच्या बोल्टवर आणि चासीच्या त्या भागावर येतो. जुन्या जीपची चासी या जोरासाठी बनलेलीच नाही, ती साध्या स्टिअरिंगसाठी होती. ३१ इंची टायर, हवा कमी केलेली, एक चाक दगडांच्या फटीत आणि वर जादा दाब. बॉक्सच्या बोल्टांच्या भोकांपासून चासीला केसासारखी चीर जाते. खालून झोपून, चिखल ब्रशने घासून, टॉर्च लावून ती जागा आजच बघा. चीर असेल तर पंप राहू द्या, आधी वेल्डिंग आणि पट्टी.

ट्रकचा पंप याच कारणासाठी नको. पुण्याजवळ वढू बुद्रुकला ट्रक-बसची पॉवर स्टिअरिंग बनतात, त्यामुळे आपल्याकडे ट्रकचा माल सहज मिळतो आणि मजबूत असल्याने मोह होतो. पण ट्रकचा पंप मिनिटाला १२ ते १६ लिटर आणि १३० बारच्या वर सहज जातो. ट्रकच्या बॉक्सला ते हवंच असतं. तुमच्या बॉक्सचं सील, पाइप आणि चासी तिन्ही त्याच्यापुढे टिकणार नाहीत, आणि ६० किलोमीटरच्या वेगाला स्टिअरिंग इतकं हलकं होईल की गाडी रस्ता सोडेल. तुमचं स्टिअरिंग निघालं रॅक आणि पिनियनचं, म्हणजे बॉक्सऐवजी आडवी दातेरी दांडी सरकवणारं, तर गोष्ट आणखी नाजूक. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाड्यांना, उदाहरणार्थ २०१० च्या थार सीआरडीईला, रॅक असतो. रॅकला कमी तेल आणि बेताचा दाब लागतो. बॉक्सचा पंप रॅकला लावला की रॅकची सील आधी जातात. तुमची लीफ स्प्रिंगची सरळ एक्सल बघता बॉक्सच असणार, पण वाचणाऱ्यांत थारवालेही असतील म्हणून सांगितलं.

स्पूल व्हॉल्व्हच्या तोंडाचं भोक ड्रिलने मोठं करण्याचा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईलच. त्याने लिटर वाढतात, बार वाढत नाहीत. तुमचं दुखणं जोराचं असेल तर त्याचा शून्य उपयोग, आणि एकदा मोठं केलेलं भोक लहान करता येत नाही.

बसवण्याच्या बाबींत पहिली, फिरण्याची दिशा. व्हेन पंप बहुधा एकाच दिशेने फिरायला बनलेला असतो. बेल्टच्या पाठीवर चालणारा किंवा इंजिनच्या मागच्या बाजूने चालणारा पंप तुमच्या पुढच्या बेल्टवर लावला तर तो उलटा फिरेल आणि तेल ढकलणारच नाही. पंप हातात घेऊन पुलीच्या बाजूने बघायचं आणि इंजिन कसं फिरतं ते बघायचं, एवढं सोपं आहे. तरी दुकानात कुणी बघत नाही.

दुसरी, ब्रॅकेट. चार सिलिंडरचं हे जुनं डिझेल आयडलला भरपूर थरथरतं. दोन बोल्टांवर लटकवलेलं घरगुती ब्रॅकेट सहा महिन्यांत चिरतं किंवा थोडं वाकतं, पुली बेल्टच्या रेषेतून बाहेर जाते, शाफ्टच्या बुशवर आडवा ताण येतो, सील गळतं, हवा घुसते आणि पंप रडायला लागतो. माझा सगळ्यात दाट संशय इथे आहे. सरळ पट्टी दोन्ही पुलींच्या तोंडाला टेकवून बघा. दीड-दोन मिलिमीटरचा फरकही जास्त आहे. ब्रॅकेट तीन ठिकाणी धरलेलं, निदान ८ मिलिमीटर जाड पत्र्याचं करून घ्या, आणि बेल्टचा ताण पंपाच्या पोटाला पहार लावून देऊ नका, ताणायचा बोल्ट करून घ्या. पुली दाबून बसवलेली असेल तर ती पुलरनेच काढायची आणि दाबूनच घालायची. शाफ्टच्या टोकावर हातोडा बसला की आतली प्लेट सरकते, नवा पंप डब्यातून निघतानाच जुना होतो.

तिसरी, पाइपच्या जोडणीचे आटे. एम १६ आणि पाच अष्टमांश इंची बारीक आटा हे दोन इतके जवळ आहेत की एकात दुसरा दोन फेऱ्या बिनबोभाट जातो आणि मग अडकतो. तिथे पाना लांब करून जोर लावला की पंपाचं तोंड गेलं. आट्याचा गेज लावून बघा. बॅन्जो जोडणी (मधून पोकळ बोल्ट जाणारी गोल जोडणी) असेल तर दोन्ही तांब्याचे वॉशर नवेच घाला. ओ-रिंगच्या तोंडाला कोनाचं टोक लावून वर टेफ्लॉन टेप गुंडाळणं हा प्रकार दिसला तर त्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढा, टेपचे तुकडे थेट स्पूल व्हॉल्व्हमध्ये जातात.

आता कुठून घ्यायचा. बॉक्सचा मूळ पंप कंपनीच्या पॅकिंगमध्ये नवा मिळत असेल तर विचार करू नका, तोच घ्या. मिळत नसेल तर ज्या कारखान्याने तो कंपनीला पुरवला होता त्याच्याच नावाने बाजारात येणारा. आपल्याकडे स्टिअरिंगचे पंप बनवणारे कारखाने मोजकेच, त्यामुळे डबा वेगळा आणि माल तोच असं बरेचदा निघतं. निनावी डब्यातला चकचकीत पंप, ज्याच्यावर लिटर-बारचा आकडाच नाही आणि दुकानदारालाही तो सांगता येत नाही, तो स्वस्त मिळाला तरी नको. आकडा माहीत नसलेला पंप म्हणजे तुमच्या आत्ताच्याच परिस्थितीची पुढची आवृत्ती.

जुन्या बाजाराला माझा विरोध नाही. पुण्याची नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, आणि जीपचाच माल म्हटला तर हरियाणातलं मंडी डबवाली, या ठिकाणांनी अशा कितीतरी गाड्या जिवंत ठेवल्यात. पण 'रिकंडिशन' म्हणजे काय केलं ते विचारा. नुसतं सील किट बदलून रंग मारला असेल तर गळती थांबेल, झीज तशीच राहील. मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा. कॅम रिंगच्या आतून नख फिरवा. लाटा लागल्या तर ठेवून द्या. प्रेशर प्लेटवर गोल खाचा नखाला अडकत असतील तरी ठेवून द्या. पट्ट्या खाचांत स्वतःच्या वजनाने सरकायला हव्यात, शाफ्ट वर-खाली हलता कामा नये. स्पूल व्हॉल्व्ह बोटाने दाबल्यावर अडखळत असेल तर तिथे बारीक कचरा आहे. दुकानदार उघडू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा. उघडून बघितलेला, आकडा जुळणारा जुना मूळ पंप मी निनावी नव्या पंपाच्या आधी घेईन.

छोट्या गाड्यांतून निघालेला विजेवर चालणारा हायड्रॉलिक पंप हाही एक नवा नाद आहे. बेल्ट नको, ब्रॅकेट नको, ऐकायला छान. जोर लागतो तेव्हा तो ५० ॲम्पिअरच्या वर सहज ओढतो. तुमच्या जीपचा मूळ अल्टरनेटर तेवढ्याला पुरायचा नाही, रात्री हेडलाइट लावून घाट चढताना बॅटरी बसेल. शिवाय असे काही पंप गाडीच्या कॉम्प्युटरकडून वेगाचा सिग्नल मागतात. या जीपसाठी सोडून द्या.

बसवताना एक काम टाळलं की पुन्हा सहा महिन्यांवर याल: सगळी सिस्टीम धुणं. परतीचा पाइप टाकीपासून काढून बाटलीत सोडा, टाकीचं ते तोंड बुचाने बंद करा, चाकं उचललेली ठेवा, टाकीत नवं तेल ओतत राहा आणि इंजिन थोडं थोडं चालवून स्टिअरिंग सावकाश दोन्हीकडे फिरवा. स्वच्छ लाल तेल येईपर्यंत, आणि टाकी कधीही रिकामी होऊ द्यायची नाही. बॉक्समध्ये अडकलेली पूड एवढ्याने पूर्ण निघत नाही, म्हणून परतीच्या पाइपमध्ये एक छोटा चुंबकाचा फिल्टर कायमचा बसवा. हे धुणं जुन्या पंपावर करा, म्हणजे कचरा नव्याच्या पोटातून जाणार नाही. प्रेशर होज दहा वर्षांचा असेल तर तोही नवा करा, तो आतून सोलला जातो आणि रबराचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये जातात. जेसीबीवाल्याकडून दोन तारांच्या जाळीचा होज केला तर चालतो, फक्त तो कडक असल्याने थोडा जास्त आवाज देईल. परतीच्या पाइपला डिझेलचा साधा पाइप लावू नका, गरम तेलाने तो फुगतो.

तेल म्हणजे डेक्सरॉन दर्जाचं लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल), या पिढीच्या बॉक्स-पंपांना तेच चालतं. बॉक्सच्या पाटीवर वेगळं काही लिहिलं असेल तर ते. इंजिन ऑइल जाड पडतं, थंड असताना पंपाला ओढवत नाही. ब्रेक ऑइल चुकूनही नको, सगळी सील फुगून मऊ पडतात आणि मग बॉक्ससकट सगळं उघडावं लागतं. हवा काढताना इंजिन बंद, चाकं वर, स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत सावकाश पंधरा-वीस वेळा, मधे मधे तेल भरत. बुडबुडे थांबले की मगच स्टार्टर. चालू केल्यावर फेस आला तर बंद करून अर्धा तास सोडून द्या, रेस मारून हवा निघत नाही, ती तेलात आणखी घुसळली जाते.

चालवताना एक सवय सोडा. चाक दगडाला टेकलंय आणि स्टिअरिंग टोकाला धरून ठेवलंय, ही स्थिती पंपाची सगळ्यात वाईट. ८० बार आणि मिनिटाला ८ लिटर म्हणजे एक किलोवॉटहून जास्त ताकद, आणि चाक हलत नसल्याने ती सगळी उष्णता होते. बादलीत पाणी तापवायचा हीटर थेट पंपाच्या पोटात ठेवल्यासारखं आहे ते, कारण रिलीफ झालेलं तेल टाकीपर्यंतही जात नाही, पंपाच्या तोंडातच फिरत राहतं. इंजिन रेस केलेलं असेल तर आणखी वाईट. टोकाला नेल्यावर अंगठाभर मागे घ्या. दिवसभर खडकांतच गाडी असणार असेल तर परतीच्या पाइपला रेडिएटरपुढे छोटा कूलर लावा, गरम झाल्यावर जड होण्याची तक्रार निम्मी तिथेच मिटते. पावसाळ्यात ओढा पार केल्यावर स्टिअरिंग अचानक जड झालं तर घाबरू नका, ओला बेल्ट घसरतोय. दोन मिनिटं आयडलला ठेवला की सुकतो. रोज घसरत असेल तर बेल्ट किंवा ताण बघा.

कागदाचंही बघून घ्या. मूळ गाडीत नसलेलं पॉवर स्टिअरिंग बसवणं हा बदल मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ च्या कक्षेत येऊ शकतो. फिटनेसला किंवा इन्शुरन्सच्या क्लेमच्या वेळी प्रश्न निघण्याआधी तुमच्या आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून ठेवा, बिलं जपून ठेवा.

तुमच्या गाडीसाठी क्रम असा धरा: या आठवड्यात सक्शनचे क्लॅम्प आणि पाइप, टाकी, पुलींची रेषा, ब्रॅकेट, ड्रॅग लिंक सोडून चाकं. त्यानंतरही जड असेल तर गरम तेलावर गेज. गेजचे सगळे आकडे, बॉक्सचा नंबर आणि दोन्ही पुलींचा व्यास लिहून दुकानात जा, 'एमएम ५४० चा पंप द्या' असं म्हणू नका. नवा लावल्यावर ५०० किलोमीटरला टाकीच्या तळाचं तेल सिरिंजने काढून पांढऱ्या फडक्यावर सोडा. चांदीची पूड दिसली तर बॉक्समधून अजून येतेय. तेल पुन्हा बदला, फिल्टरचं चुंबक पुसा आणि बॉक्स उघडायची तारीख ठरवा.